काय दाखवावे, काय झाकावे?

आपण वसईच्या धर्मग्रामातील असा, जालन्याच्या किंवा कोल्हापूरच्या मंडळीतील असा, की दिल्ली-हैदराबादसारख्या शहरी राहून मराठी उपासनेची आठवण काढणारे असा, गेल्या काही वर्षांत आपल्या पंचकमिटीच्या सभेत एक विषय बहुधा निघालाच असेल. तो विषय म्हणजे उपासनेचे थेट प्रक्षेपण. सभेत चर्चा होते ती पैशाची व सामानाची. कॅमेरे दोन घ्यावेत की तीन, स्विचर चार तोंडांचा पुरेल की आठ तोंडांचा लागेल, केबल भिंतीच्या कडेने न्यावी की माळ्यावरून, देणगी कोणाकडून मिळेल. हे प्रश्न खरे आहेत आणि त्यांना उत्तरेही आहेत. परंतु ज्याचे उत्तर सहजी सापडत नाही असा प्रश्न सभेच्या इतिवृत्तात सहसा नोंदला जात नाही. देवासमोर उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा तिसऱ्याला दाखवण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला, आणि तो कोठवर चालतो? या लेखात त्याच प्रश्नाचा विचार आपल्याबरोबर करावयाचा आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. नवे साधन आले म्हणून ते देवाच्या घरात वर्ज्य, असे म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी नाही. ख्रिस्ती मंडळी पहिल्या शतकापासून दूरच्या माणसांशी साधनांच्या द्वारे बोलत आली आहे. प्रेषित पौलाने कलस्सैकरांना पत्र पाठवले, तेव्हा ते वाचून झाल्यावर लावदिकीया येथील मंडळीतही वाचले जावे अशी व्यवस्था त्याने सांगितली. म्हणजे एकाच संदेशाचे दुसऱ्या गावी प्रक्षेपणच ते. २ जानेवारी १९२१ रोजी अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात कॅल्व्हरी एपिस्कोपल चर्चमधील उपासना केडीकेए या केंद्राने नभोवाणीवरून प्रक्षेपित केली. त्या दिवशी यंत्रे सांभाळणाऱ्या दोन तंत्रज्ञांनी गायकवृंदाचे झगे अंगावर घातले होते. उपासकांचे लक्ष विचलित होऊ नये एवढाच हेतू. त्यांतील एक यहुदी व दुसरा कॅथलिक होता असे सांगतात. मला या प्रसंगात त्या नव्या यंत्राचे तितकेसे अप्रूप वाटत नाही. त्या झग्यांचे वाटते. आपण येथे पाहुणे आहोत, घर दुसऱ्याचे आहे, एवढी जाणीव त्या दोघांना होती.

कॅथलिक परंपरेत तर दूरचित्रवाणीला एक आश्रयदात्री संतच लाभली आहे. असिसीची संत क्लारा आजारपणामुळे नाताळच्या रात्री मठातून बाहेर पडू शकली नाही, तेव्हा दूरच्या मंदिरातील उपासना तिला आपल्या अंथरुणावरून अनुभवता आली, अशी कथा आहे. तिचा आधार घेऊन पोप पायस बारावे यांनी १९५८ साली तिला दूरचित्रवाणीची आश्रयदात्री म्हणून जाहीर केले. या कथेत जी व्यक्ती पाहते ती आजारी आहे, येऊ इच्छिते, पण येऊ शकत नाही, हे आपण ध्यानात ठेवू. पुढे त्याचे काम पडेल.

आपल्या देशात या गोष्टीने जोर धरला तो २०२० साली. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. त्या वर्षी उत्तम शुक्रवार १० एप्रिलला व पुनरुत्थानाचा सण १२ एप्रिलला होता. दोन्ही दिवशी मंदिरांची दारे बंद होती. महाराष्ट्रात प्रार्थनास्थळे उघडली ती १६ नोव्हेंबर २०२० रोजी, पुढील वर्षी ती पुन्हा बंद झाली, आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा उघडली. त्या काळात पाळकसाहेबांनी पुस्तकांच्या चळतीला टेकवून ठेवलेल्या मोबाइलसमोर उपासना चालवली, फादरांनी रिकाम्या बाकांसमोर ख्रिस्तयाग अर्पण केला. ते चित्र अंधूक असे, आवाज मधूनच तुटे, तरी घरोघरी लोक हात जोडून बसत. त्या वेळी कोणालाही नैतिक प्रश्न पडला नाही आणि पडण्याचे कारणही नव्हते. मंदिरात दिसण्यासारखे दुसरे कोणी नव्हतेच.

आता दारे उघडली आहेत, बाक भरले आहेत, आणि मोबाइलच्या जागी व्यावसायिक कॅमेरे आले आहेत. माझ्या मते खरा प्रश्न दुसऱ्या कॅमेऱ्यापासून सुरू होतो. एकच कॅमेरा मागे एका जागी उभा असेल, तर तो मागच्या बाकावर बसलेल्या माणसासारखा असतो. समोर जे आहे ते त्याला दिसते, जे नाही ते दिसत नाही. दुसरा कॅमेरा आला की त्या दोहोंपैकी कोणते चित्र घरी पाठवायचे हे कोणीतरी ठरवावे लागते. ते ठरवण्याचे यंत्र म्हणजे स्विचर. त्याच्या प्रत्येक बटणामागे एक निवड आहे, आणि जेथे निवड आहे तेथे विवेकबुद्धी जागी असली पाहिजे.

ज्यांना हे यंत्र ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. कॅमेऱ्याच्या पाठीवर चित्र बाहेर पडण्यासाठी बहुधा दोन प्रकारची तोंडे असतात. एकाला एचडीएमआय म्हणतात. घरच्या टीव्हीला असते तेच. त्याची केबल दहा-पंधरा मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही, आणि तिला अडकवण्याची कळ नसल्याने कोणाचा पाय लागला तर ती निसटते. दुसऱ्याला एसडीआय म्हणतात. त्याची केबल गोल, जुन्या अँटेनाच्या वायरीसारखी असते; तिच्या टोकाचे बीएनसी जोड पाव वळसा देऊन घट्ट बसते, आणि चांगल्या प्रतीची केबल असेल तर साठ-सत्तर मीटर लांबूनही चित्र नीट येते. मोठ्या मंदिरात म्हणूनच एसडीआय घालतात. सर्व केबली स्विचरपाशी येतात. तेथे पडद्यावर एक चौकट हिरवी असते, पुढे दाखवायच्या चित्राची. एक लाल असते, या क्षणी घरोघरी दिसत असलेल्या चित्राची. ज्या कॅमेऱ्याचे चित्र चालू आहे त्याच्या डोक्यावरही सोय असेल तर लाल दिवा लागतो.

सर्व कॅमेऱ्यांची मापे एक करावी लागतात. एक सेकंदाला २५ चित्रे पाठवतो आणि दुसरा ३० पाठवतो असे झाले, तर साध्या स्विचरवर एक पडदा काळाच राहतो. आपली वीज ५० आवर्तनांची असल्याने शटर एक पन्नासांश सेकंदावर ठेवावे लागते, नाहीतर ट्यूबलाइटच्या उजेडात चित्र थरथरते. पांढऱ्या कागदासमोर धरून प्रत्येक कॅमेऱ्याला पांढरे म्हणजे काय हे एकदा शिकवावे लागते. ते केले नाही तर तेच पाळकसाहेब एका चित्रात पिवळे आणि दुसऱ्यात निळसर दिसतात. कॅमेऱ्याच्या पडद्यावरची अक्षरे व आकडे बाहेर जाणाऱ्या चित्रातून बंद करावे लागतात. आमच्या तरुणांना हे सारे चार रविवारांत येते, आणि वडीलधाऱ्यांनी त्यांच्या या कसबाचे कौतुक केले पाहिजे असे मला वाटते. आपल्याकडे ते पुरेसे होत नाही.

पण या तांत्रिक गोष्टींतच एक अशी आहे, की जिच्यापाशी मी पुन्हा पुन्हा अडखळतो. ती आवाजाची. प्रक्षेपणाचा आवाज बहुधा मंदिरातील ध्वनिमिश्रण यंत्रातून थेट घेतात. त्या यंत्रात जे मायक्रोफोनमधून येते तेवढेच असते: उपदेशकाचा आवाज, गायकवृंदाच्या पुढच्या दोघाचौघांचा आवाज, पेटी आणि तबला किंवा कीबोर्ड. दोनशे माणसे तोंड उघडून गात असतात, त्यांच्यापुढे मायक्रोफोन नसतो. घरी बसलेल्या आजीबाईंना म्हणून मंडळी ऐकूच येत नाही. टिळकांचे एखादे भजन सारे मंदिर भरून टाकत असते, आणि तिकडे मात्र एकट्या गायकाचा कोरडा स्वर पोहोचतो. चित्र कितीही सुरेख असो, त्या आजीबाईंपर्यंत एक कार्यक्रम पोहोचला, मंडळी पोहोचली नाही. बाकांच्या वर एक साधा मायक्रोफोन टांगला आणि त्याचा आवाज थोडा मिसळला की हे दुखणे बरेचसे दूर होते. खर्च तिसऱ्या कॅमेऱ्याच्या मानाने क्षुल्लक आहे. तरीही अनेक ठिकाणी तिसरा कॅमेरा आधी येतो. आपण मंडळीला काय समजतो, याचा अंदाज या खरेदीच्या क्रमावरून येतो.

आता चित्राच्या निवडीकडे वळू. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात एक प्रसंग कल्पिलेला आहे. सभेत सोन्याची अंगठी घातलेला मनुष्य येतो व मळकट वस्त्रांतला एक गरीबही येतो. पहिल्याला मानाची जागा मिळते, दुसऱ्याला उभे राहण्यास किंवा पायाशी बसण्यास सांगण्यात येते. याकोब यास पक्षपात म्हणतो व त्याचा कडक निषेध करतो. वाचकहो, एखाद्या रविवारचे ध्वनिचित्रमुद्रण काढून या अध्यायाच्या उजेडात पाहा. कोणाचे चेहरे किती वेळा आले? पुढच्या बाकावरील पाहुणे, नव्या साड्या, गोंडस बालके, गायकवृंदातील देखणे तरुण. मागच्या बाकावर पंख्याखाली बसणारी, चार घरची धुणीभांडी करून धावत आलेली बाई वर्षभरात एकदाही दिसली नसेल. कोणी हे मुद्दाम केलेले नसते. कॅमेरा उजेडाकडे जातो, उजेड पुढे असतो, आणि पुढे कोण बसते हे आपणा सर्वांना माहीत आहे. जुन्या काळी बाकांवर नावे घालून जो भेद करीत, तोच आता भिंगातून होऊ लागला तर याकोबाने वेगळे पत्र लिहिण्याची गरज नाही.

यावर कोणी म्हणेल, मग त्या बाईलाच दाखवा. प्रभूनेही विधवेच्या दोन नाण्यांकडे शिष्यांचे लक्ष वेधले नव्हते काय? वेधले होते. मार्काच्या बाराव्या अध्यायात तो दानपेटीसमोर बसून लोकांना पाहत आहे, आणि श्रीमंतांच्या मोठ्या दानांतून नेमकी तिची निवड करतो. ती निवड जगाच्या निवडीच्या अगदी उलट आहे. परंतु त्याने तिला थांबवले नाही, तिचे नाव सांगितले नाही, जमावाकडे तिचे तोंड वळवले नाही. त्याने शिष्यांना जवळ बोलावले आणि त्यांना सांगितले. आपले दान कोणी पाहिले हे त्या बाईला समजले असेल असे शास्त्रात कोठेही दिसत नाही. गरिबाला वगळणे हा एक अन्याय, आणि त्याच्या भक्तीला चित्राचे भांडवल करणे हा दुसरा. अर्पणाच्या वेळी म्हणूनच थैलीच्या जवळ कॅमेरा नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कोणी पाचशेची नोट टाकली आणि कोणी दहाची, हे ज्याला पाहायचे तो पाहतच असतो.

याच शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायापाशी मात्र माझा विचार बराच काळ अडला होता. तेथे बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली स्त्री गर्दीत मागून येऊन चोरून वस्त्राला स्पर्श करते. तिला लपून राहायचे आहे. तरी प्रभू थांबतो, कोणी स्पर्श केला असे विचारतो, आणि ती सर्वांसमोर येऊन खरे ते सांगते. म्हणजे जे लपलेले होते ते त्याने उघड्यावर आणले! मग आपण दाखवण्याला एवढे का बिचकावे? पण तोच अध्याय पुढे वाचावा. याईराच्या घरी तो रडणाऱ्या-ओरडणाऱ्या जमावाला बाहेर काढतो, मुलीचे आईबाप व तीन शिष्य एवढ्यांनाच आत घेतो, आणि झाले ते कोणाला कळू नये अशी ताकीद देतो. एकाच दिवशी, एकाच वाटेवर, एकीला त्याने लोकांसमोर उभे केले आणि दुसरीचे दार लावून घेतले. त्या स्त्रीला समाजाने अशुद्ध ठरवून दूर लोटले होते. तिला चारचौघांत परत येण्याची गरज होती. त्या बारा वर्षांच्या मुलीला तमासगिरांची गरज नव्हती, तिला खायला द्या असे त्याने सांगितले. कोणाला कशाची गरज आहे हे त्याला ठाऊक होते. स्विचरपाशी बसलेल्या आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला ते ठाऊक असणे शक्य नाही. वेदीपुढे गुडघे टेकून रडणाऱ्या माणसाचे दुःख साक्षीचे आहे की गुपिताचे, हे एका सेकंदात कोणी कसे ठरवावे? जेथे ठरवता येत नाही तेथे दार लावलेले बरे, असा मी या अध्यायाचा अर्थ घेतो.

दार लावण्याला आधुनिक काळातही आधार आहे. २ जून १९५३ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये राणी एलिझाबेथ दुसरी हिचा राज्याभिषेक झाला. आत दूरचित्रवाणीचे कॅमेरे येऊ द्यावेत की नाहीत यावर मोठा वाद झाला; शेवटी येऊ दिले, आणि ब्रिटनमध्येच दोन कोटींच्या घरात लोकांनी तो सोहळा पाहिला. मात्र राणीला पवित्र तेलाचा अभ्यंग झाला तो क्षण व तिने प्रभुभोजन घेतले तो क्षण दाखवण्यात आला नाही. ६ मे २०२३ रोजी राजे चार्ल्स तिसरे यांच्या अभिषेकाच्या वेळी तर जगभर सर्व काही दिसत असताना अभ्यंगाच्या क्षणापुरते पडदे उभे केले गेले. मला राजेशाहीचे कौतुक सांगायचे नाही. एवढेच पाहावे, की जगातील सर्वांत मोठे कॅमेरे हाताशी असतानाही येथे पाहू नये असे म्हणता येते. एका राणीला मिळालेला हा आडोसा आपल्या मंडळीतील पश्चात्तापी माणसाला का मिळू नये?

आपल्या देशात हा केवळ शालीनतेचा प्रश्न नाही, त्याहून जड आहे. स्वतंत्र भारतात धर्मांतरासंबंधीचा पहिला कायदा १९६७ साली ओरिसात झाला. नंतर अनेक राज्यांनी तसे कायदे केले. अशा वातावरणात कोणी जिज्ञासू मनुष्य प्रथमच मंदिरात येतो, मागच्या दाराशी बसतो, घरी कोणालाही सांगितलेले नसते. निकदेम रात्रीच आला होता. त्याच्या डोक्यावर प्रभूने दिवा धरला नाही, त्याच्याशी बोलला. योहानाच्या शुभवर्तमानात हाच निकदेम पुढे क्रूसाच्या दिवशी सुगंधी द्रव्ये घेऊन उघडपणे येतो. रात्रीपासून त्या दिवसापर्यंतचा काळ त्याला मिळाला होता. आपला कॅमेरा आजच्या निकदेमाचा तो काळ एका झपाट्यात हिरावून घेऊ शकतो. प्रक्षेपण संपले तरी चित्र संपत नाही. ते साठवले जाते, कापले जाते, मोबाइलवरून मोबाइलवर फिरते. त्यात दिसलेल्या मनुष्याची नोकरी, भाड्याची खोली, मुलीचे ठरत आलेले लग्न, काहीही पणास लागू शकते. बाप्तिस्म्याचे प्रक्षेपण करणाऱ्यांनी तर याचा शंभरदा विचार करावा. बाप्तिस्मा ही जाहीर साक्ष आहे हे खरे, पण ती साक्ष कोणासमोर द्यावी हे साक्षीदाराने ठरवायचे असते.

हीच गोष्ट प्रार्थनेच्या विनंत्यांची. अमक्याच्या पत्नीला कॅन्सर आहे, तमक्याचा मुलगा दारूच्या आहारी गेला आहे, असे आपण व्यासपीठावरून नावानिशी बोलतो. ते घरातल्यांना सांगितलेले असते. ध्वनिक्षेपकाचा तो आवाज आता देशभर जातो, आणि वर्षानंतरही कोणालाही ऐकता येतो. या भागात आवाज बंद ठेवावा किंवा नावे घेऊ नयेत. दोहोंपैकी एक झालेच पाहिजे. लहान मुलांबाबत तर संसदेने २०२३ साली केलेल्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यातही अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांच्या संमतीचे तत्त्व आहे. कायदा आपल्या शब्बाथशाळेच्या नाटुकल्याला कितपत लागू होतो ते वकिलांनी पाहावे. आईबापांना विचारून घ्यायला मात्र कायद्याची वाट कशाला पाहावी?

मग दाखवावे तरी काय, असे आपण विचाराल. वचनाचे वाचन, उपदेश, वेदी, क्रूस, गीत म्हणणाऱ्या मंडळीचे मागून घेतलेले रुंद चित्र, ज्यात माणसांच्या पाठी दिसतात, चेहरे नाहीत. मला हे शेवटचे चित्र सर्वांत आवडते. घरी खाटेवर पडलेल्या माणसाला ते मागच्या बाकावर जागा करून देते. मंदिरात बसलेल्यालाही शेजाऱ्यांच्या पाठीच दिसतात. उपासनेत आपण एकमेकांचे तोंड पाहायला जमलेले नसतोच. शिवाय मंदिराच्या एका बाजूचे चार-पाच बाक कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर ठेवावेत आणि दाराशी तशी पाटी लावावी. ज्याला दिसायचे नाही त्याला कारण न सांगता तेथे बसता आले पाहिजे.

येथवर मंदिरातील माणसांविषयी झाले. घरी पाहणाऱ्याचे काय? पाहणे म्हणजे सहभागी होणे का? कॅथलिक शिकवण अशी, की ज्याला जाणे शक्य आहे त्याचे रविवारचे कर्तव्य पडद्यावर ख्रिस्तयाग पाहून पुरे होत नाही. जो आजारी आहे त्याच्यावर ते बंधन मुळातच नाही. प्रोटेस्टंट मंडळ्यांत २०२० साली पडद्यासमोर भाकर व द्राक्षारस घेऊन बसण्यास काहींनी संमती दिली, काहींनी दिली नाही. या वादाचा निकाल मी येथे देऊ शकत नाही. मात्र तंत्राने एक गोष्ट उघड करून दाखवली आहे. स्विचरमधून निघालेले चित्र घरी पोहोचेतो बहुधा दहा ते तीस सेकंद जातात. इकडे प्रार्थना संपून मंडळी आमेन म्हणते, पुढचे गीत सुरू होते, आणि तिकडे आजीबाई आत्ता कोठे आमेन म्हणत असतात. त्यांचे आमेन येथे कोणाला ऐकू येत नाही. देवाला ते ऐकू येते यात मला तिळमात्र शंका नाही. पण पौल करिंथकरांना प्रभुभोजनासाठी एकमेकांची वाट पाहण्यास सांगतो, तेव्हा तो एका वेळी एका जागी असण्याविषयीच बोलत असतो, आणि ती गोष्ट कोणतीही केबल देऊ शकत नाही. योहानाच्या दुसऱ्या पत्राचा लेखकही शेवटी म्हणतो, की लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, परंतु कागद व शाई नको. तो समोरासमोर येऊन बोलण्याची आशा धरतो. तरीही त्याने ते पत्र पाठवलेच.

म्हणून धडधाकट माणूस घरी लोळत उपासना पाहील या भीतीने प्रक्षेपण बंद करावे, हे मत मला पटत नाही. रात्रपाळी करून आलेली परिचारिका, पक्षाघाताने खिळलेला जुना सेवक, ज्या गावी मराठी मंडळीच नाही तेथे बदली झालेला रेल्वेतील बांधव, यांच्यासाठी ती एक खिडकी आहे. आळशी आणि आजारी एकाच दुव्यावरून येतात, आणि त्यांना वेगळे करण्याचे बटण स्विचरवर नाही. त्या पक्षाघाती मनुष्याला खाटेसह चौघांनी उचलून छपरातून खाली सोडले होते, हे मात्र विसरू नये. कॅमेऱ्याने त्याच्या घरापर्यंत मंदिर नेले म्हणजे खाट उचलण्याचे काम संपले, असा आपला समज होऊ लागला आहे. घरी जाऊन प्रभुभोजन देणारे, आजाऱ्याच्या उशाशी बसणारे कमी झाले काय, याची प्रत्येक मंडळीने आपल्यापुरती चौकशी करावी. किती जणांनी पाहिले तो आकडा वार्षिक अहवालात छापण्याची हौसही आवरावी. तीस सेकंद पाहून गेलेलाही त्यात मोजला जातो, आणि दावीद राजाने केलेल्या शिरगणतीचा शेवट आपण दुसऱ्या शमुवेलात वाचलेला आहे.

आता एका माणसाचा विचार राहिला, आणि तो सर्वांच्या शेवटी करावा लागतो हेच वाईट आहे. स्विचरपाशी बसलेला मुलगा किंवा मुलगी उपासना करते का? कानांवर हेडफोन, डोळे दोन चौकटींवर, मन पुढच्या चित्रात. प्रार्थनेत सर्वांचे डोळे मिटलेले असतात तेव्हा यांचे उघडे असावे लागतात. जुन्या करारात मंदिराचे द्वारपाल लेवी होते. त्यांची सेवाही उपासनेत मोजली जाई, परंतु त्यांच्या पाळ्या नेमलेल्या होत्या. पहिल्या इतिहासात त्या पाळ्यांची तपशीलवार यादीच आहे. आपल्याकडे मात्र ज्याला यंत्र कळते तोच दर रविवारी, सणासुदीला, वर्षानुवर्षे त्या टेबलामागे अडकून पडतो. पाळकसाहेबांना तो तेथे दिसत असतो म्हणून तो उपासनेस हजर आहे असे सर्व धरून चालतात. पुढे कधीतरी तो येईनासा होतो, आणि मग पंचकमिटी दुसरा तरुण शोधते. निदान तिघांना हे काम शिकवावे, आणि महिन्यातून दोन रविवार प्रत्येकाने साध्या बाकावर, आपल्या घरच्यांशेजारी बसावे.

आणि प्रभुभोजनाची किंवा ख्रिस्तप्रसादाची वेळ आली की मागच्या कॅमेऱ्याचे रुंद चित्र लावावे, ते लाल चौकटीत घ्यावे आणि स्विचरवरचे हात काढून घ्यावेत. रांगेतील चेहरे जवळून दाखवण्याचे त्या वेळी काहीच कारण नाही, त्यामुळे कॅमेऱ्यामागे कोणी असण्याचेही कारण उरत नाही. हेडफोन टेबलावर ठेवून टेबलामागची मुले उठतील, इतरांबरोबर रांगेत उभी राहतील. घरी पाहणाऱ्यांना दहा-पंधरा मिनिटे तेच एक न हलणारे चित्र दिसेल, आणि रांगेच्या शेवटी त्या मुलांच्या पाठी.